आशेचा दोर

सरकारी रुग्णालयात मी चौतीस वर्षं परिचारिका होते. बहुतेक सगळी नोकरी आपल्याच जिल्ह्यात झाली. या चौतीस वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागणार नाही. "सिस्टर, काही आशा आहे का?" वॉर्डाच्या दाराशी, जिन्यात, औषधांच्या खिडकीपाशी, रात्री अडीच वाजता गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर, कुणीतरी हे विचारायचंच. विचारणारा शेतकरी असो की मास्तर, त्याला उत्तर एकच हवं असायचं. ते देण्याचा अधिकार ना मला होता, ना डॉक्टरांना. मी म्हणायचे, "प्रयत्न चालू आहेत." हे खोटं नव्हतं. पण पुरेसंही नव्हतं, हे त्यालाही कळायचं आणि मलाही.

मी ख्रिस्ती कुटुंबातली. माझे आजोबा अहमदनगरकडून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडून, मास्तरकी करत या भागात आले आणि इथलेच झाले. आमच्या रविवारच्या उपासनेत 'आशा' हा शब्द फार येतो. गीतांत येतो, पाळकसाहेबांच्या उपदेशात येतो, मयताच्या वेळी तर येतोच येतो. मग रविवारी चर्चमध्ये ऐकलेली आशा आणि सोमवारी वॉर्डात विचारलेली आशा, या दोन्ही एकच का? नोकरीत असताना हा प्रश्न मी कधी स्वतःला नीट विचारला नाही, वेळच नव्हता. पुढे घरातच अशी वेळ आली की तो विचारणं भाग पडलं. आणि गंमत अशी, की उत्तर शोधायला मला ज्यांची मदत झाली त्यांत पाळकसाहेबांच्या बरोबरीनं काही चित्रपट होते. तेही कोणते, तर ज्यांना आपण 'आर्ट फिल्म' म्हणून नाक मुरडतो ते. ते कसं झालं, एवढंच आज सांगायचं आहे.

बेडी की दोर?

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत आशेला फारसं चांगलं नाव नाही. 'वेडी आशा' म्हणतो, 'आशेला लावलं' म्हणतो, 'आशाळभूत' म्हणतो. संतांनी आशा आणि तृष्णा यांची जोडी लावून दोघींनाही दाराबाहेर ठेवलं. जुने सुभाषितकार तर म्हणतात, की आशा ही अजबच बेडी आहे. ती पायात असलेला माणूस पळत सुटतो आणि जो तिच्यातून सुटला तो पांगळ्यासारखा एका जागी बसतो. या सगळ्यात मोठं शहाणपण आहे. हाव आणि आशा यांची गल्लत झाली की माणसाचं काय होतं, हे आपण रोज पाहतो.

ख्रिस्ती शिकवणीत मात्र आशा ही सद्गुणांत मोजली जाते. विश्वास, आशा आणि प्रीती अशी ती त्रयी आहे आणि आशा त्यांतली मधली बहीण. थोरल्या आणि धाकट्या बहिणीचं कौतुक होतं, मधलीकडे जरा दुर्लक्ष होतं, तसंच काहीसं तिचं झालं आहे. ही आशा म्हणजे 'सगळं ठीक होईल' हा आशावाद नव्हे. आशावादाला निदान थोडी तरी चिन्हं लागतात: ढग आले, ताप उतरला, निकाल बरा लागला. पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात मुद्दा मांडला आहे तो असा, की जे समोर दिसतं आहे त्याला आशा म्हणायचं कारणच नाही. दिसत नसताना धीरानं थांबणं ही आशा.

बायबलचा जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला, तिच्यात आशेसाठी एक शब्द आहे 'तिक्वा'. वाट पाहणं या अर्थाच्या धातूशी त्याचं नातं आहे. आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे दोरी. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहरातल्या राहाब नावाच्या स्त्रीची गोष्ट येते. ती आपल्या खिडकीला किरमिजी दोरी बांधते, आणि त्या खुणेमुळे तिचं घर वाचतं. तिथं दोरीसाठी हाच शब्द वापरलेला आहे.

हे मला कळलं तेव्हा डोळ्यांसमोर यरीहो आलं नाही, आमच्या लहानपणची विहीर आली. मराठवाड्यातल्या विहिरीची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीत पाणी हाताशी असतं. मार्च लागला की दोराला दोर जोडावा लागतो. मे महिन्यात पोहरा खाली जातो तो दिसेनासा होतो, आणि हाताला ओढ लागते तेव्हाच कळतं की पाणी लागलं. तोवर वर उभ्या असलेल्या बाईच्या हातात फक्त दोर असतो. पाणी दिसत नाही, पण दोर सोडायचा नाही. आशेची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

लेकीची अट

२०१८ मध्ये माझे यजमान हृदयविकारानं गेले. सकाळी बाजारात गेले होते, दुपारी नव्हते. आमची मुलगी तेव्हा पुण्यात चित्रपट-संकलनाचं काम शिकत होती. मयताच्या उपासनेत पाळकसाहेब आशेबद्दल बोलले, नेहमी बोलतात तसंच, मनापासून. आठ दिवसांनी ती मला म्हणाली, "आई, मी आता चर्चला येणार नाही. मला रडायचं होतं आणि सगळे मला आशा आहे म्हणून सांगत होते."

मला राग आला. मग भीती वाटली. नवरा गेला, आता लेकही हातातून जाते की काय! मी तिला समजावलं, बोलले, नको तेही बोलले. दोन-तीन महिने आमचं फोनवर "जेवलीस का"च्या पुढं बोलणं गेलं नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत ती आली ती लॅपटॉपवर काही चित्रपट घेऊन. म्हणाली, "लहानपणी तू मला दर रविवारी दीड तास चर्चमध्ये गप्प बसवलंस. आता तू माझ्याजवळ दीड तास बस. मध्ये उठून कुकर लावायचा नाही."

ही अट मी मान्य केली ती चित्रपटासाठी नव्हे, लेकीसाठी. अशा चित्रपटांशी माझी ओळख म्हणजे ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागणारे प्रादेशिक भाषांतले पुरस्कारविजेते चित्रपट. खाली इंग्रजीत अक्षरं येत, आमचे हे दहाव्या मिनिटाला घोरू लागत आणि मी भाजी निवडत राही.

यांना पाहायचं तरी कसं, हे मला लेकीनं शिकवलं. नेहमीचा सिनेमा आपल्याला हाताला धरून नेतो. आता रडा म्हणून व्हायोलिन वाजतं, आता घाबरा म्हणून ढोल. हे दुसरे चित्रपट हात सोडून देतात. एकच दृश्य मिनिटभर हलत नाही. गाणं नसतं; वारा, भांडी, पावलं यांचेच आवाज असतात. शेवटी गाठ बांधलेली नसते, ती आपण घरी जाऊन बांधायची. पहिल्या चित्रपटाला मी वैतागले. दुसऱ्या वेळी मात्र एकदम लक्षात आलं, की हे तर आपल्याला येतं. ही तर नाईट ड्युटी! रात्री तीन वाजता अत्यवस्थ रुग्णाजवळ बसलेली नर्स काय करते? पाहते. श्वास मोजते, चेहऱ्याचा रंग पाहते. काही घडत नसतं, तरीही नजर हटवायची नसते. न कंटाळता पाहणं हे काम आहे, आणि ते मी आयुष्यभर केलं होतं.

पडदा आणि प्रभू

सिनेमा आणि धर्म यांचं वाकडं आहे, असं आमच्या मंडळीतल्या जुन्या माणसांना वाटायचं. माझ्या आजीला तर तंबू थिएटरचं नाव काढलेलं खपत नसे. पण आपल्या भारतीय सिनेमाची सुरुवातच येशूच्या कथेशी जोडलेली आहे. १९१०-११च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू पाहताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण दिसू लागले. आपले देव आपल्याला पडद्यावर कधी दिसतील, या ध्यासातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो मूकपट दाखवायला नेलं होतं. एका धर्माची कथा पाहून दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपलं काम सापडलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

पुढे १९९५ मध्ये, सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, व्हॅटिकननं पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची एक यादी काढली. धर्म, मूल्यं आणि कला असे तीन गट, प्रत्येकात पंधरा चित्रपट. त्यात केवळ भक्तिपट नाहीत. सायकल चोरीला गेलेल्या गरीब बापाची इटालियन कथा, 'बायसिकल थीव्ह्ज', तिच्यात आहे. देवाच्या मौनानं छळलेल्या बर्गमनचे चित्रपटही आहेत. म्हणजे शंका दाखवणारा चित्रपट श्रद्धेचा शत्रू असतोच असं नाही, हे त्या यादीनं मान्य केलं.

आजोबा आणि विहीर

परदेशी चित्रपटांकडे जाण्याआधी आपल्या दोन मराठी चित्रपटांविषयी सांगते.

संदीप सावंत यांचा 'श्वास' अनेकांनी पाहिला असेल. 'श्यामची आई'नंतर कितीतरी वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या २००४ च्या चित्रपटामुळे. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या रुग्णालयात आणतात. डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा कुणाला न सांगता नातवाला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात आणि शहर दाखवतात.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्यातली नर्स संतापली. रुग्ण न सांगता गेला म्हणजे ड्युटीवरच्या सिस्टरवर काय वेळ येते, ते मला विचारा! पण लेकीबरोबर पुन्हा पाहताना मला वेगळंच दिसलं. आजोबांना चमत्काराची अपेक्षा उरलेली नाही. दृष्टी जाणार हे त्यांना कळून चुकलं आहे. तरी ते हात बांधून बसत नाहीत. जे दाखवता येईल ते दाखवतात. इलाज संपतो तिथं काळजी घेणं संपत नाही.

आणि मला १९९३ ची सकाळ आठवली. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. किल्लारी आणि सास्तूर ही नावं त्या दिवसापासून सगळ्या देशाला कळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. दगड आणि माती यांच्या जाड भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर क्षणात अंगावर आलं. आमच्याकडे जखमी येत होते ते ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून. त्या दिवशी "आशा आहे का" असं विचारायलाही पुष्कळांकडे कुणी उरलं नव्हतं. एका बाईची दोन्ही लेकरं गेली होती. ती भिंतीला टेकून बसली होती, बोलत नव्हती, पाणी पीत नव्हती. शेजारच्या खाटेवर चार-पाच वर्षांचं एक मूल रडत होतं, त्याचंही कुणी सापडत नव्हतं. रात्री केव्हातरी मी फेरीला गेले तर ते मूल तिच्या मांडीवर झोपलेलं. ती त्याच्या पायावरची माशी वारत होती. तिनं मला काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. पंचवीस वर्षांनी 'श्वास' पाहताना मला कळलं, की त्या रात्री मी आशा पाहिली होती. तेव्हा ओळखता आली नाही.

दुसरा चित्रपट उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर'. दोन मावस-मामे भावंडांसारखी जिवाभावाची मुलं, समीर आणि नचिकेत. सुट्टी, आजोळ, लपंडाव, एकमेकांना पत्रं. आणि मग नचिकेत विहिरीत बुडतो. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे समीरनं त्याला शोधणं. गेलेला माणूस लपंडावात लपल्यासारखा कुठंतरी असेल, मग मला तो का सापडत नाही, असं त्या मुलाचं चाललेलं असतं. घरातली मोठी माणसं त्याला समजावू पाहतात, पण त्याचं दुःख कुणाच्या उत्तरानं उणं होत नाही. चित्रपट संपल्यावर मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा गेल्यावर मला असं शोधू द्यायला हवं होतं. तुम्ही सगळ्यांनी मला लगेच उत्तर दिलंत." मला तिच्याजवळ बसून रडता आलं ते त्या रात्री, यजमान गेल्यानंतर पहिल्यांदा.

रिकामी बाकं

मग एका नाताळच्या सुट्टीत तिनं 'विंटर लाइट' लावला. इंगमार बर्गमन या स्वीडिश दिग्दर्शकाचा १९६३ चा चित्रपट. त्याचे वडील स्वतः धर्मोपदेशक होते, त्यामुळे चर्च त्यानं आतून पाहिलेलं. कथेतल्या पाळकाची पत्नी वारली आहे आणि त्याचा विश्वास विझत आला आहे. बाकांवर मोजकी माणसं. जगाच्या भीतीनं पोखरलेला एक कोळी त्याच्याकडे धीर मागायला येतो आणि पाळक त्याला स्वतःचीच शंका सांगत बसतो. तो कोळी जाऊन जीव देतो. मी हादरले. धीर देणाऱ्यानं आपली भीती दुसऱ्याच्या पदरात टाकायची नसते, हे नर्सला पहिल्या महिन्यात शिकवतात.

पण शेवटी चर्चचा सेवक येतो. अपंग, सतत दुखण्यानं बेजार असलेला साधा माणूस. तो पाळकाला म्हणतो त्याचा आशय असा: येशूच्या शरीराच्या वेदनांबद्दल आपण इतकं बोलतो, पण तेवढं दुखणं तर मलाही आहे. त्याहून मोठं दुःख हे, की त्याची माणसं त्याला सोडून गेली आणि वधस्तंभावर देवानंही उत्तर दिलं नाही. हे ऐकून पाळक उठतो आणि जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये उपासना सुरू करतो. तिथं चित्रपट संपतो. त्याचा विश्वास परतला की नाही, बर्गमन सांगत नाही.

मुलीला वाटत होतं मी चिडेन. मी तिला सांगितलं, "हा माणूस दोर सोडत नाही." आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती थोडी. आमच्या उपासनेला काही रविवारी वीस माणसंही नसतात. पोरं पुण्या-मुंबईला गेली, म्हातारी माणसं कमी होत चालली. पेटी वाजवणारे गेले तेव्हापासून आम्ही पेटीशिवाय गातो. त्या थंड देशातल्या रिकाम्या बाकांत मला आमची बाकं दिसली. आणि हेही लक्षात आलं, की देवाचं मौन हा नास्तिकांचा शोध नाही. तो शुभवर्तमानातलाच प्रसंग आहे. आम्ही तो उत्तम शुक्रवारी वाचतो आणि रविवारच्या आनंदाकडे घाईनं निघून जातो.

गोरोबाकाकांचं गाव

आणखी एका चित्रपटाबद्दल सांगते. 'ओर्डेट', म्हणजे 'शब्द'. कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा १९५५ चा चित्रपट. मूळ नाटक काय मुंक नावाच्या धर्मोपदेशकाचं; नाझींच्या विरोधात बोलल्यामुळे १९४४ मध्ये त्यांची हत्या झाली. एका शेतकरी कुटुंबातली गुणी सून इंगर बाळंतपणात दगावते, मूलही जातं. घरात धर्मावरून वादावादी करणारे सगळे गप्प होतात. शेवटी तिचा वेडा ठरवलेला दीर आणि तिची लहानगी मुलगी शवपेटीजवळ येतात. मुलगी सहजपणे म्हणते, आईला उठव. आणि इंगर उठते.

प्रसूतिकक्षात माझी अनेक वर्षं गेली. इंगरसारख्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या उठल्या नाहीत. म्हणून हा शेवट मला आधी सहनच झाला नाही. त्या दिवशी शेजारच्या काकूही आमच्याबरोबर बसल्या होत्या. त्या तेरच्या माहेरवाशीण. भाषा कळत नव्हती, लेक मध्ये मध्ये मराठीत सांगत होती. चित्रपट संपल्यावर काकू म्हणाल्या, "हे तर आमच्या गोरोबाकाकांसारखं झालं." गोरोबाकाकांची कथा आपल्याकडे कुणाला सांगायला नको. विठ्ठलाच्या नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचं तान्हं मूल आलं, आणि पुढं विठ्ठलकृपेनं ते परत मिळालं. मी काकूंना विचारलं, "तुम्हाला खरं वाटतं ते?" काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मूल परत आलं ते सगळे सांगतात. पण ते यायच्या आधी संतीनं दिवस कसे काढले असतील, ते कुणी विचारत नाही. मला तेरला गेले की तीच आठवते."

गोरोबाकाकांच्या पत्नीचं नाव घेऊन काकूंनी जे सांगितलं, ते मला आजवरच्या कित्येक उपदेशांत मिळालं नव्हतं. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानावर उभी आहे, हे खरंच. पण पुनरुत्थान म्हणजे उद्या सकाळी आपला रुग्ण बरा होईल याची पावती नव्हे. मृत्यूचा शब्द शेवटचा नाही, एवढंच ते सांगतं. मधले दिवस काढावेच लागतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन शिष्य अम्माऊस गावाकडे चाललेले असतात. आम्हाला आशा होती, असं ते भूतकाळात बोलतात. त्यांच्याबरोबर एक वाटसरू चालू लागतो, त्यांचं सगळं ऐकून घेतो. तो कोण हे त्यांना कळतं ते संध्याकाळी, भाकर मोडताना. आधी सोबत आली, ओळख नंतर पटली.

आणि हे सगळं परकं आहे, असंही मला वाटत नाही. येशूचा काळ आणि त्याच्या लगतचं शतक, याच सुमाराला आपलं तेर 'तगर' या नावानं रोमन जगाला माहीत होतं. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. इथला माल गाड्यांनी भडोचला जाई आणि तिथून जहाजांनी पश्चिमेला. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही पाहता येतात. वाटा तेव्हाही खुल्या होत्या.

२०२० चा जानेवारी

अशीच एक खुली वाट आपल्या गावानं २०२० मध्ये पाहिली. जानेवारीत इथं ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या पदावर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. वसईची हिरवाई वाचवण्यासाठी ते वर्षानुवर्षं लढले. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं. सोप्या मराठीत 'सुबोध बायबल' लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला होता, धमक्याही आल्या होत्या.

मी रजा काढून मांडवात गेले होते. मुलगीही पुण्याहून आली होती. फादरांना पाठीच्या दुखण्यानं नीट बसवत नव्हतं. तरी ते आले, आणि बोलले. मला सर्वांत जास्त लक्षात राहिली ती समोरची गर्दी. फेटेवाले शेतकरी, शाळेतल्या मुली, कॉलेजचे मास्तर. परक्या धर्माचा माणूस म्हणून कुणी पाहत नव्हतं, मराठीचा माणूस म्हणून ऐकत होते. मुलगी हळूच म्हणाली, "आई, हे आजोबा 'विंटर लाइट'मधल्या त्या सेवकासारखे आहेत. दुखतंय, पण आलेत." २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले, तेव्हा तिनंच मला फोन करून कळवलं.

तुम्ही आता विचाराल, मुलगी चर्चला परत येऊ लागली का? नाही. नाताळला येते, मागच्या बाकावर बसते, प्रभुभोजनाच्या वेळी उठत नाही. मी तिला बोलावत नाही. २०२० मध्ये कोविडच्या धामधुमीत मी निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला नाही, शेवटच्या दिवशी मास्क लावूनच घरी आले. घर मोठं वाटू लागलं. पण महिन्यातून एका शनिवारी ती तिकडे आणि मी इकडे एकाच वेळी एकच चित्रपट लावतो. संपल्यावर दहा मिनिटं गप्प बसायचं, मग फोन करायचा, हा आमचा नियम आहे. काकू असतात. कधी पाळकसाहेबही येऊन बसतात, आणि झोपत नाहीत. तुम्हालाही सुचवावंसं वाटतं: वर्षातून दोन-तीन तरी असे चित्रपट एकट्यानं न पाहता कुणाबरोबर तरी पाहा. ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे, त्याच्याबरोबर पाहिलात तर फारच उत्तम.

मागच्या उन्हाळ्यात काकूंच्या यजमानांना रुग्णालयात ठेवलं होतं. मी सोबतीला गेले. रात्री कॉरिडॉरमध्ये काकूंनी माझा हात धरून तोच प्रश्न विचारला, "सिस्टर, काही आशा आहे का?" एरवी त्या मला ताई म्हणतात. त्या रात्री सिस्टर म्हणाल्या. चौतीस वर्षांच्या सवयीनं "प्रयत्न चालू आहेत" हे शब्द ओठांवर आले होते. ते मी गिळले. म्हटलं, "काकू, ते मला सांगता येणार नाही. पण सकाळपर्यंत मी इथून हलणार नाही." त्यांनी मान हलवली, पदरानं डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून जरा वेळ झोपल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)